नाव, विंग, फ्लॅट नंबर सगळं माहीत असताना माणसं ग्रुपवर इतकी का पेटतात?

गोरेगावकरीण (धागालेखिका)

माणसं ऑनलाइन शिवराळ का होतात, याचं सगळ्यांचं पाठ झालेलं उत्तर एकच: तोंड लपवायला मिळतं म्हणून. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे कुणाचंच तोंड लपलेलं नाही. प्रत्येकाच्या नावापुढे विंग आणि फ्लॅट नंबर. कोण कुठल्या बँकेतून रिटायर झालं, कुणाचा मुलगा कॅनडात आहे, कुणाकडे दुधाच्या किती पिशव्या येतात, सगळ्यांना सगळं ठाऊक. तरी तिथे जी भाषा चालते ती जिन्यात कधी कानावर येत नाही.

ताजं प्रकरण सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी लँडिंगवर कुंड्या ठेवतात. तुळस, गवती चहा, सदाफुली. फायर ऑडिटवाल्याने जिना मोकळा ठेवा म्हणून सांगितलं, आणि ते रास्तच होतं. सेक्रेटरींनी ग्रुपवर साधी सूचना टाकली. त्याखाली बी विंगमधल्या एका गृहस्थांचा मेसेज: ‘जिना कुणाच्या बापाचा नाही. रविवारपर्यंत कुंड्या हलल्या नाहीत तर कचऱ्याच्या गाडीत जातील.’ भराभर अंगठे पडले. लगेच त्यांचाच दुसरा, जरा चढा: ‘काही लोकांना वाटतं वय झालं की नियम माफ.’ आणखी अंगठे, शिवाय टाळ्या. तिसरा काय होता ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ आजींसाठी लिफ्टचं दार धरून उभे. ‘या काकू, गुडघा काय म्हणतोय?’ आजींकडे साधा फोन आहे. त्या बापडीने गृहस्थांना तोंडभरून आशीर्वाद दिला.

आता बघा, आजी ग्रुपवर नाहीत हे त्या गृहस्थांना पक्कं माहीत होतं. मग ते मेसेज कुणासाठी होते? बघणाऱ्यांसाठी. लिफ्टमध्ये दोघंच असतात, तिथे माणूस समोरच्याशी बोलतो. ग्रुपवर दीडशे जण बघतायत, तिथे तो समोरच्याबद्दल बोलतो, आणि टाळी कशाला पडते हे त्याला दुसऱ्या मेसेजपर्यंत कळलेलं असतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ट्विटरवरच्या ७,३३१ जणांचे सव्वा कोटीहून जास्त ट्वीट तपासले होते. ज्यांच्या संतापाला लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. आमच्या बी विंगवाल्यांचं तसंच झालं, फक्त अर्ध्या तासात.

तर माझं म्हणणं: निनावीपणा हे निमित्त, खरं कारण प्रेक्षक. पटलं तर का ते लिहा, नाही पटलं तरी का ते लिहा. नुसतं ‘सहमत’ टाकून पळू नका.

वसईकर

असहमत, आणि कारणासकट.

माणूस समोरासमोर मवाळ असतो हे तुम्ही धरूनच चाललाय. ताई, संध्याकाळी चर्चगेटला विरार फास्टमध्ये चढा आणि बोरिवलीला उतरायचंय म्हणून सांगून बघा. डब्यातल्या माणसांना तुमचा चेहरा दिसत असतो, डोळे दिसत असतात, घाम सुद्धा दिसत असतो. तरी जे ऐकाल ते कुठल्या ग्रुपवर वाचायला मिळायचं नाही.

डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातले बोर आणि पीटरसन यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांना विचारून, प्रयोग करून पाहिलं. निघालं ते असं की राजकारणावरून ऑनलाइन अंगावर येणारी माणसं प्रत्यक्षातही तशीच असतात. सज्जन माणूस फोन हातात घेतला की राक्षस होतो, याला फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही. फरक एवढाच की नाक्यावरच्या टग्याचं बोलणं नाक्यावरच राहायचं, आता ते सगळ्यांना दिसतं.

आणि आपल्याकडे फार सौजन्य होतं म्हणता? पुण्यात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली लोकांनी. भर रस्त्यात. १८९५ ला तर ते गेले, म्हणजे त्याआधीची गोष्ट. तेव्हा कुठलं ॲप होतं? तुमचे बी विंगवाले घरात बायकोशी कसे बोलतात ते एकदा कान लावून ऐका, मग ठरवा ते लिफ्टमध्ये खरे की ग्रुपवर.

गोरेगावकरीण

@वसईकर, आगरकरांचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतं हो. प्रेतयात्रा म्हणजे मिरवणूक. बघायला रस्ताभर माणसं. आगरकरांशी वाद घालायचा असता तर त्यांच्या घरी जाता आलं असतं. आणि बायकोशी कसे बोलतात ते मी ऐकायला जाणार नाही, भिंती पातळ आहेत तरीसुद्धा.

काडेपेटी

आलो. शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

दादर_स्लो

वसईकरांनी ट्रेनचं काढलंच आहे तर त्यातली एक गोष्ट सुटली. ट्रेनमधलं भांडण संपतं.

मी लेडीज डब्यातली रोजची. ‘कुठे उतरणार?’ म्हणून सीट सांगून ठेवायची पद्धत, त्यावरून होणारी भांडणं, केस ओढण्यापर्यंत गेलेली सुद्धा पाहिली आहेत. पण एकीचं स्टेशन येतं. ती उतरते. उरलेल्या दोन मिनिटं तिच्यावर तोंडसुख घेतात आणि मग कुणीतरी भाजी निवडायला काढतं, विषय संपला. माटुंग्याला चढलेल्या बाईला सायनला काय झालं होतं ते कळतही नाही.

ग्रुपवर सायन कायम राहतं. रात्री अकराला दुबईहून कुणीतरी मेसेज वाचतो, त्याच्यासाठी सकाळी आठचं भांडण आत्ता चालू झालेलं असतं. तो ताजा राग घेऊन उतरतो. तोवर मूळचे दोघं जेवून झोपायच्या तयारीत, त्यांना पुन्हा उठवलं जातं. दर वेळी एक नवा, न दमलेला माणूस. समोरासमोर भांडताना घसा बसतो, पाय दुखतात, गॅसवर दूध असतं. अंगठ्याला काय दमायचंय? त्यामुळे मला वाटतं माणसं ऑनलाइन जास्त कठोर नसतात, ती जास्त वेळ कठोर राहतात.

अनामिक_४०००५७

एवढा काथ्याकूट कशाला? उपाय साधा आहे. प्रत्येक अकाउंट आधारला जोडा. खरं नाव, खरा फोटो. पोलिसांना दोन मिनिटांत पत्ता मिळाला पाहिजे. उद्या बघा कसे सगळे सुतासारखे सरळ होतात. पाश्चात्त्य संशोधनं राहू द्या बाजूला. भीती असली की जीभ ताब्यात राहते, आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय.

काडेपेटी

हे ‘अनामिक’ नावाने लिहिलंय, एवढं फक्त नोंदवतो. पिनकोडवरून पार्ले पूर्व इथवर मी पोचलोय, दोन मिनिटांच्या आत.

रुईया_टीवाय

@अनामिक, हे करून झालंय. पाश्चात्त्य नको म्हणता, तर पूर्वेकडचं घ्या. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइटवर लिहिणाऱ्यांना ओळख पटवणं सक्तीचं केलं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या पोर्टलवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. बेकायदा मजकूर त्याने फारसा कमी झाल्याचं दिसत नाही, हेही न्यायालयाने म्हटलं. म्हणजे शिव्या तशाच राहिल्या आणि ओळखपत्रं मात्र चोरांच्या हाती गेली.

आता धागालेखिकेशी भांडते. मानसशास्त्र शिकतेय, त्यामुळे माफ करा, थोडं लांबेल.

प्रेक्षकांची थिअरी छान आहे पण प्रेक्षक नसतानाही हेच होतं. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठात लापिदोत-लेफ्लर आणि बराक यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग छापला. १४२ जण. दोघादोघांच्या जोड्या, चॅटवर एका पेचावर चर्चा करायची. काहींना एकमेकांची नावं माहीत, काहींना नाही. काहींना एकमेकांची आकृती दिसते, काहींना नाही. आणि काहींना कॅमेऱ्यातून थेट एकमेकांचे डोळे दिसतात. बघायला तिसरं कुणी नाही, टाळ्या नाहीत, अंगठे नाहीत. तरी तोंड सुटलं. आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला तो डोळे न दिसण्याचा. नाव माहीत असणं-नसणं यापेक्षाही जास्त.

तेव्हा बी विंगवाल्यांना लिफ्टमध्ये आजींचे डोळे दिसले, म्हणून गुडघा आठवला. इतकं साधं असू शकतं.

गोरेगावकरीण

@रुईया, उत्तम. डोळे नसले की पहिला मेसेज सोपा जातो, इथवर तुझ्याबरोबर आहे. पण मग तिसरा मेसेज पहिल्यापेक्षा चढा का? डोळे तर तिन्ही वेळा सारखेच गैरहजर होते. मध्ये बदललं ते एकच: अंगठे. तुझ्या प्रयोगात सुरुवात कशी होते ते कळतं. मी विचारतेय की वाढत का जातं.

रुईया_टीवाय

वाढत जातं कारण आधीचा मेसेज वर दिसत असतो! स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलवाल्यांनी २०१७ मध्ये दाखवलंय की आधीच्या प्रतिक्रिया तिरसट असतील आणि माणसाचा मूड आधीच गेलेला असेल, तर एरवीचा साधा माणूसही तिरसट लिहितो. टाळ्या कशाला लागतात?

गोरेगावकरीण

वरचा मेसेज त्यांचा स्वतःचाच होता गं.

मालाड_नाइट_शिफ्ट

मी वर्षानुवर्षं कस्टमर केअरमध्ये आहे. आधी फोनवर होते, आता चॅटवर. या धाग्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त शिव्या पगारी खाल्ल्या आहेत, तेव्हा मला बोलू द्या.

मला चेहरा दोन्हीकडे नव्हता. डोळे दोन्हीकडे नव्हते. प्रेक्षक तर मुळीच नाही, ग्राहक आणि मी. तरी फोन आणि चॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक. फोनवर माणूस पहिल्या वाक्याला तोफ डागतो, मग मी म्हणते ‘हो सर, समजलं मला’, आणि त्यात माझा घसा बसलेला असतो, किंवा मागे कुणी खोकतं, आणि तो किंचित थांबतो. कधी कधी विचारतो, ‘रात्रीची ड्युटी का?’ नाशिककडचा कुणी असेल तर माझी मराठी ऐकून ‘अहो ताई’वर येतो. शिव्या थांबतात असं नाही, पण त्या कंपनीला जातात, मला नाही.

चॅटवर मी तेच शब्द टाइप करते. ‘तुमची गैरसोय झाली याबद्दल क्षमस्व.’ त्याला वाटतं मशीन आहे. बरेचजण विचारतातच: ‘माणूस आहेस की बॉट?’ मी माणूस आहे म्हटलं की काहींचा सूर उतरतो आणि काहींचा वाढतो, कारण आता कुणालातरी लागणार हे नक्की झालं. हे दुसरे लोक मला अजून उलगडलेले नाहीत.

एका ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आठवतं, नंतर मी स्वतः शोधून वाचलं. २०१७ चा अभ्यास आहे, श्रोडर, कार्डास आणि एप्ली. आपल्याला न पटणारं मत कुणाचं लिहिलेलं वाचलं तर तो माणूस आपल्याला कमी विचारी, कमी माणूस वाटतो. तेच त्याच्या आवाजात ऐकलं तर तितका वाटत नाही. म्हणून माझं मत आवाजाला. डोळे नंतर, टाळ्या त्याहून नंतर.

वसईकर

@मालाड, ‘कुणालातरी लागणार म्हणून सूर वाढतो’ ती माणसं म्हणजेच माझा मुद्दा. ती तशीच असतात. फोनवर असोत, चॅटवर असोत नाहीतर फूटबोर्डवर.

परळचा_पंतोजी

आवाजावरून एक भर. आपल्या मराठी माणसाचा जीव तिरकस बोलण्यात आहे. ‘वा, फारच लवकर आलात!’ हे समोर म्हटलं तर हशा, लिहिलं तर युद्ध. क्रूगर, एप्ली वगैरेंनी २००५ मध्ये मोजलं होतं: ईमेलमधला उपरोध ओळखला जाईल असं लिहिणाऱ्यांना साधारण ७८ टक्के वेळा वाटत होतं, प्रत्यक्षात ओळखला गेला ५६ टक्के वेळा. डोळे मिटून अंदाज ठोकला तरी ५० टक्के बरोबर येतो. आवाजात तोच ७३ टक्क्यांपर्यंत ओळखू आला. निम्मी भांडणं दुष्टपणाची नसतातच, ती फसलेल्या विनोदाची असतात. आणि विनोद फसलाय हे मान्य करण्यापेक्षा माणूस ‘मला तेच म्हणायचं होतं’ म्हणून छाती काढतो.

भाडेकरू_मुलुंड

सगळे मिळून एक गोष्ट गृहीत धरून बसलात, की समोरासमोरचं गोड बोलणं चांगलं आणि ग्रुपवरचं तिखट वाईट. मी उलट सांगतो.

आमच्या सोसायटीत भाड्याने दिलेल्या घरांना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वाट्टेल तसे लावत होते. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. मालक परदेशात, ते पैसे शेवटी माझ्या खिशातून. मी सभासद नाही, सभेत बसायचा हक्क नाही. ऑफिसात गेलो. ‘या, बसा, चहा घ्या, बघू आपण.’ इतकं मऊ बोलणं की आवाज चढवणार कसा? भरपूर चहा प्यायलो. बिल तेवढंच. शेवटी ग्रुपवर आदेशाचा फोटो टाकून लिहिलं, ‘ही सरळ लूट आहे.’ उद्धट म्हणाले, बाहेरचा म्हणाले, मालकाला फोन गेला. पुढच्या बिलात आकडा बरोबर आला.

ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्याला समोरासमोर सभ्य राहणं परवडतं. बाकीच्यांना त्या सभ्यतेत गप्प बसावं लागतं. बायका, भाडेकरू, जातीवरून ज्यांना दारात उभं ठेवतात ते लोक, यांना पहिल्यांदा तोंड मिळालं ते लिहायला मिळाल्यावर. २०१८ मध्ये ‘मी टू’ मध्ये मुंबईतल्या बायकांनी जे लिहिलं ते त्यांनी केबिनमध्ये समोर बसून का नाही सांगितलं, याचं उत्तर शोधा.

आणि आधारवाल्या अनामिकांना एक आठवण. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, असा प्रश्न एका मुलीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने विचारला, मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक. काकांच्या दवाखान्याची तोडफोड. भाषा सभ्य होती आणि नावं खरी होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलमाचा त्यात वापर झाला ते ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. खऱ्या नावाने कुणाची जीभ ताब्यात राहते ते कळलं का?

अनामिक_४०००५७

अपवाद काढून नियम मोडत नाही. आणि लूट म्हणायच्या ऐवजी ‘आकारणी तपासावी’ लिहिलं असतं तर?

भाडेकरू_मुलुंड

लिहिलं होतं. पत्राला इनवर्ड नंबरसुद्धा मिळाला होता.

गोरेगावकरीण

@भाडेकरू, तुमचा मेसेजही प्रेक्षकांसाठीच होता, आणि तुम्ही तो त्यासाठीच तिथे टाकलात. ऑफिसात प्रेक्षक नव्हते म्हणून चहावर भागलं. म्हणजे प्रेक्षक वाईट असतात असं माझं म्हणणं नाहीच. तुम्ही ते सेक्रेटरीवर वापरले, बी विंगवाल्यांनी ग्रुपवर नसलेल्या एका म्हातारीवर. माझा राग या दुसऱ्या वापरावर आहे. तुमचा सेक्रेटरी ग्रुपवर होता, उत्तर देऊ शकत होता, तुमच्या मालकाला फोन करू शकत होता, आणि केलाही त्याने.

पवई_कोडर

कंपन्यांना सगळे विसरलात. २०१७ मध्ये फेसबुकने रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. पोस्ट वर कुठली येणार ते त्यावर ठरायचं. राग विकला गेला, म्हणून राग पिकला. माणसाच्या स्वभावाची चर्चा करत बसणं म्हणजे कंपनीला सोडून देणं.

दादर_स्लो

व्हॉट्सॲप ग्रुपात मेसेज येतील त्या क्रमाने लागतात. वजन कुणी देत नाही. तरी कुंड्या कचऱ्यात निघाल्या होत्या.

पवई_कोडर

टाळ्यांचं बटण कुणी दिलं?

बिनपगारी_सेक्रेटरी

हा धागा मला तिघांनी वेगवेगळा पाठवला, त्यामुळे लिहितोय. ठाण्याच्या अलीकडची सोसायटी, सत्तर घरं. मानद पद, म्हणजे शिव्या सोडून काही मिळत नाही.

आमच्याकडे पुनर्विकासाची चर्चा चालू झाली आणि ग्रुप पेटला. मी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ करून टाकलं. आठवड्यात तीन नवे ग्रुप निघाले: एक बिल्डरच्या बाजूचा, एक विरोधातला, एक फक्त माझ्यावर बोलण्यासाठी. तिसऱ्यात सगळ्यात जास्त माणसं. माझी मुलगीसुद्धा आहे त्यात, ‘माहिती काढायला’ म्हणते. काहींनी मला पोलिसांत खेचायची धमकी दिली, की ॲडमिन म्हणून दुसऱ्याच्या मेसेजला मी जबाबदार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की संगनमत दाखवल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तो निकाल ग्रुपवर टाकला, त्यालाही अंगठे आले. उलटे.

गंमत पुढे आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली बिल्डर निवडायची जी विशेष सभा असते, तिचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. निबंधक कार्यालयाचा माणूस बसलेला, कॅमेरा फिरतोय, अख्खी सोसायटी हजर. प्रेक्षक म्हणाल तर याहून जास्त कधीच नव्हते. आणि सगळे इतके शहाण्यासारखे बोलले की मला घाम फुटला. ‘माझी एक नम्र सूचना आहे’ वगैरे. तेव्हा गोरेगावच्या ताईंना विचारतो, प्रेक्षक होते तर मग पेटले का नाहीत?

गोरेगावकरीण

कारण टाळी वाजली असती तर ती कुणी वाजवली हे कॅमेऱ्यात आलं असतं.

रुईया_टीवाय

अंगठा कुणी दिला तेही ग्रुपवर दिसतं! सेक्रेटरी काका, त्यांना एकमेकांचे डोळे दिसत होते.

वसईकर

किंवा बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पसचा, म्हणजे रोख रकमेचा, आकडा दिसत होता.

बिनपगारी_सेक्रेटरी

कॉर्पसचं माहीत नाही, ते अजून ठरलेलं नाही आणि इथे तर मी मुळीच बोलणार नाही, तिसरा ग्रुप वाचतोय. वार्षिक सभा रविवारी सकाळी दहाला गच्चीवर आहे. गेल्या वर्षीसारखीच कोरमअभावी तहकूब होईल, मग अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, तेव्हा कोरम लागत नाही. वर्षभर मेसेज करणाऱ्यांपैकी कुणी आलंच तर समोशांचा अंदाज यावा म्हणून आदल्या दिवशी कळवा, एवढंच.

काडेपेटी

कुठल्या ग्रुपवर कळवायचं?